थिअरी चुकीची, पण बेटावर जाणं बरोबर

अमेरिकेत यादवी युद्धाच्या आधी जॉर्जियाच्या लिबर्टी काउंटीत चार्ल्स कोलकॉक जोन्स (१८०४–१८६३) नावाचे प्रेस्बिटेरियन (प्रॉटेस्टंटांमधला एक पंथ) पाद्री होते. त्यांच्या घरच्यांनी एकमेकांना लिहिलेली ढीगभर पत्रं आज छापलेली मिळतात, आणि त्यात आजारपणं काही संपत नाहीत. ताप उतरला की देवाची कृपा, माणूस गेलं तर देवाची इच्छा.

घरचे तीन मळे. माँटेव्हिडिओ आणि आर्केडिया आतल्या बाजूला, मेबँक कर्नल्स आयलंड नावाच्या बेटावर. उन्हाळा लागला की बिऱ्हाड मेबँकला, कारण दलदलीतून विषारी हवा उठते, तिने ताप येतो आणि रात्री ती जास्त बाधते असं तेव्हा डॉक्टरसुद्धा मानायचे, त्यामुळे त्या किनाऱ्यावरचे गोरे मळेवाले दिवसा भातशेतीवर चक्कर मारून अंधाराच्या आत परत फिरायचे.

थिअरी साफ चुकली, वागणं मात्र बऱ्यापैकी बरोबर! तिकडे मलेरिया पसरवणारा अ‍ॅनोफिलीस डास गोड्या, साचलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि दिवस मावळल्यावर चावतो. भाताची खाचरं म्हणजे त्याची चंगळच. बेटाभोवती खारं पाणी, वर समुद्राचा वारा. खाजणातले डास तिथेही फोडून काढत असतील म्हणा, पण त्यांच्याने मलेरिया होत नाही.

मलेरियावरचं औषध क्विनाइन १८२० पासून हाताशी होतं. ते रक्तातल्या मलेरियाच्या परजीवीला मारतं, पण असा काही परजीवी असतो हेच कोणाला ठाऊक नव्हतं. जोन्स यांचा डॉक्टर मुलगा जोसेफ तापाच्या पेशंटचं रक्त तपासायचा, त्यालाही तो सापडला नाही. फ्रेंच डॉक्टर लाव्हरानला दिसला १८८० मध्ये, आणि डासाचा दुवा रोनाल्ड रॉसने १८९७ मध्ये आपल्या सिकंदराबादेत पकडला.

आता बेटावर न गेलेल्यांचं बघा. गुलामांना धर्मशिक्षण मिळावं म्हणून जोन्स आयुष्यभर झटले, आणि स्वतः शंभरावर माणसं गुलाम म्हणून बाळगली. काळ्यांना हा ताप बाधत नाही असं मळेवाले म्हणायचे, सोयीचंच होतं ते. थोडं तथ्य होतं त्यात: पश्चिम आफ्रिकेतल्या बहुतेक लोकांच्या लाल पेशींवर डफी नावाचं प्रथिन नसतं, त्यामुळे व्हायवॅक्स या जातीच्या मलेरिया परजीवीला आत शिरणं अवघड जातं. दुसरी जात जास्त जीवघेणी, फाल्सिपेरम, तिच्याविरुद्ध सिकलसेलचा एक जीन कामी येतो, पण तो थोड्याच लोकांकडे असतो आणि आईबाप दोघांकडून आला तर सिकलसेल हा रक्ताचा आजारच होतो. बाकीच्यांना फाल्सिपेरम गाठायचाच. त्या किनाऱ्यावरच्या भातमळ्यांवर गुलामांची लहान मुलं भयंकर प्रमाणात मरायची, आणि त्यांना घेऊन उन्हाळ्यापुरतं कुठे हलणं त्यांच्या आईबापांच्या हातात नव्हतं.