‘ॲम्बॅसड्रेस’: पदाआधी बायकोला मिळालेला शब्द

स्त्री राजदूतासाठी इंग्रजीत शब्दच नव्हता असं नाही. ‘ॲम्बॅसड्रेस’ सोळाव्या शतकाच्या अखेरीपासून सापडतो. ‘ॲम्बॅसड्रिक्स’ हा त्याचा लॅटिन थाटाचा भाऊबंदही होता, पण तो काही रुळला नाही. घोळ होता तो अर्थाचा. ॲम्बॅसड्रेस म्हणजे बहुतेक वेळा राजदूताची बायको. आपल्या पाटलीणबाईंसारखंच: अधिकार पाटलाचा, मान बाईंना.

१७१६मध्ये इंग्रज लेखिका लेडी मेरी वॉर्टली माँटेग्यू कॉन्स्टॅन्टिनोपलला, म्हणजे आजच्या इस्तंबूलला, निघाल्या. नेमणूक नवऱ्याची, एडवर्ड यांची, मेरी ॲम्बॅसड्रेस. एडवर्ड यांची राजदूत म्हणून कामगिरी आज कुणाला आठवत नाही, बाईंची पत्रं मात्र अजून वाचली जातात.

स्वतःच्या नावाने नेमणूक झालेल्या बायकाही होत्या, पण विरळा. १५०७मध्ये स्पेनमधल्या ॲरागॉनचा राजा फर्डिनांड याने आपल्या मुलीला, कॅथरीन ऑफ ॲरागॉनला, इंग्लंडच्या दरबारात आपली राजदूत नेमलं. १६४५मध्ये पोलंडच्या राजाची नवरी पोचवायला फ्रान्सने मार्शल गेब्रियाँ यांच्या विधवेला, रने द्यु बेक यांना, राजदूत करून पाठवलं.

विसाव्या शतकात बायका खरोखर या खुर्चीवर बसू लागल्या, तोवर शब्द बायकोच्या नावावर चढून गेला होता. १९३३मध्ये रूथ ब्रायन ओवेन अमेरिकेच्या वतीने डेन्मार्कला गेल्या. त्यांचं पद ‘मिनिस्टर’, म्हणजे राजदूताच्या एक पायरी खाली. १९३६मध्ये त्यांनी डॅनिश राजाच्या रक्षकदलातल्या कॅप्टनशी लग्न केलं, त्यातून डॅनिश नागरिकत्व आलं आणि पद सोडावं लागलं. पुढे १९४९मध्ये त्याच डेन्मार्कला युजिनी अँडरसन गेल्या, अमेरिकेच्या पहिल्या स्त्री ‘ॲम्बॅसेडर’ म्हणून. भारताच्या राजदूत विजयालक्ष्मी पंडितही त्याच वर्षी मॉस्कोहून वॉशिंग्टनला आल्या. शब्दाला ‘-ड्रेस’चं शेपूट जोडण्यापेक्षा आधी ‘मॅडम’ लावणं सोयीचं ठरलं: ‘मॅडम ॲम्बॅसेडर’.

ब्रिटनची तऱ्हा आणखी न्यारी. परराष्ट्र सेवेची दारं स्त्रियांना १९४६मध्ये उघडली, पण लग्न केलं की राजीनामा, हा नियम १९७३पर्यंत टिकला. राजदूताशी लग्न करा, ॲम्बॅसड्रेस व्हा. स्वतः अधिकारी असताना लग्न करा, घरी बसा. ब्रिटनची पहिली स्त्री राजदूत, ॲन वॉरबर्टन, १९७६मध्ये नेमली गेली. तीही डेन्मार्कलाच!

स्त्री राजदूताच्या नवऱ्यासाठी मात्र इंग्रजीने असा खास शब्द घडवला नाही. निमंत्रणपत्रिकेवर ‘हर एक्सलन्सी’, आणि शेजारी नुसतं ‘मिस्टर’.