काचबिंदू, डोळ्यातील दाब आणि २१चा आकडा

डोळ्यातील दाब वाढला की ऑप्टिक नर्व्हला, म्हणजे डोळ्यातून मेंदूकडे जाणाऱ्या नसेला, इजा होऊन काचबिंदू होतो, हे समीकरण एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रूढ झाले. १८५१ मध्ये डोळ्याच्या आतला भाग पाहण्याचे ऑफ्थॅल्मोस्कोप हे उपकरण आल्यावर नसेच्या मुखाशी पडणारा खोलगटपणा जिवंत डोळ्यात दिसू लागला. दाब न वाढताही तसा खोलगटपणा आढळणारे डोळे त्याच काळात नोंदले गेले होते, पण ते अपवाद म्हणून बाजूला पडले.

खरा गुंता विसाव्या शतकाच्या मध्यात २१ मिलिमीटर पाऱ्याची मर्यादा ठरली तेव्हा झाला. जर्मनीत हजारो निरोगी लोकांचा दाब मोजला गेला, त्याची सरासरी १५ ते १६च्या दरम्यान निघाली आणि तीत प्रमाण विचलनाची (मोजमापे सरासरीपासून किती पसरली आहेत, याच्या मापाची) दुप्पट मिळवून ही रेषा आखली गेली. हे गणित केवळ एखादे मोजमाप किती विरळ आहे एवढेच सांगते. नस किती दाब सोसू शकेल, हे त्यातून कळण्याची सोयच नव्हती. शिवाय दाबाची विभागणी सरासरीच्या दोन्ही बाजूंना सारखी नसून वरच्या बाजूला लांबत जाते, त्यामुळे हे गणित तिला नीट लागूही पडत नाही. तरीही सोयीचा आकडा निदानाची कसोटी बनला आणि दीर्घकाळ तसाच राहिला, हे वैद्यकशास्त्राला फारसे शोभणारे नाही.

पुढे लोकसंख्येच्या पाहण्यांनी ही रेषा खिळखिळी केली. अमेरिकेतील एका शहरात १९९१ मध्ये आढळले की, काचबिंदूने नस बिघडलेल्या सुमारे निम्म्या लोकांचा पहिल्या तपासणीतील दाब २१च्या आतच होता. जपानमधील एका पाहणीत तर कोन खुला असलेल्या (डोळ्यातील द्रव बाहेर जाण्याची वाट बंद न झालेल्या) काचबिंदूच्या दहापैकी नऊ रुग्णांची हीच स्थिती होती. उलट, दाब २४ ते ३२ असूनही नस शाबूत असलेल्यांपैकी उपचार न घेतलेल्या साधारण साडेनऊ टक्के लोकांनाच पाच वर्षांत काचबिंदू झाला, तर दाब उतरवणारे थेंब घेणाऱ्यांत हे प्रमाण साडेचार टक्क्यांच्या आसपास राहिले. २००२ च्या याच अभ्यासामुळे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पटलाची (कॉर्नियाची) जाडीही महत्त्वाची ठरली, कारण जाड पटलावर मोजलेला दाब प्रत्यक्षाहून जास्त, तर पातळ पटलावर कमी भरतो.

गंमत अशी की, दाब काचबिंदूच्या व्याख्येतून बाहेर पडत असतानाच उपचारातले त्याचे स्थान भक्कम झाले. दाब मुळात ‘सामान्य’ असलेल्या रुग्णांतही तो ३० टक्क्यांनी उतरवल्यास दृष्टिक्षेत्राची (नजर स्थिर असताना दिसणाऱ्या टप्प्याची) हानी मंदावते, असे १९९८ मध्ये दिसून आले. दाबाने नसेच्या मुखाशी असलेली चाळणीसारखी जाळी वाकते व तिच्यातून जाणारे तंतू दबतात, की तेथील रक्तपुरवठा आधी अपुरा पडतो, हा वाद एकोणिसाव्या शतकापासून चालूच आहे.