हलक्या ल्युअरसाठी बेटकास्टर घेताय? आधी स्पूल बघा

अमेरिकेतल्या मिनेसोटा, विस्कॉन्सिनच्या तळ्यांवर मस्की या मोठ्या शिकारी माशामागे लागलेली मंडळी दीडशे-दोनशे ग्रॅमचे अवजड ल्युअर (नकली आमिष) दिवसभर फेकत असतात आणि त्यासाठी ४०० साइझचं दणकट रील लागतंच, त्यात वाद नाही. पण मोसमाच्या सुरुवातीला पाणी थंड असतं तेव्हा १५ ते ४० ग्रॅमचे छोटे बकटेल, ट्विचबेट असे ल्युअर चांगले चालतात, शिवाय त्यावर पाइक आणि बास हे मासेही येतात. मग तेच मोठं रील लावून हलकं ल्युअर फेकलं की ते जेमतेम निम्म्या अंतरावर पडतं आणि स्पूलवर (लाईन गुंडाळलेल्या चकरीवर) लाईनचा गुंता होतो, आणि दोष जातो रॉडला!

खरा मुद्दा स्पूलचा आहे. बेटकास्टर म्हणजे फेकताना स्पूल स्वतः फिरतं असं रील; त्यात ल्युअर लाईन ओढतं आणि लाईन स्पूलला फिरवते, म्हणजे रॉडने दिलेल्या ऊर्जेत स्पूलचाही वाटा पडतो. समजा स्पूल आणि त्यावरची लाईन मिळून काठाशी २० ग्रॅमइतकी जड भासते. ल्युअर २०० ग्रॅमचं असेल तर स्पूल ऊर्जेचा साधारण अकरावा हिस्सा खातं, चालून जातं. ल्युअर २० ग्रॅमचं असेल तर सरळ अर्धी ऊर्जा गेली! कितीही महागडे बेअरिंग घाला, हा हिशोब बदलत नाही.

दुसरी गोष्ट हवेची. ल्युअर छोटं केलं की वजन झपाट्याने घटतं पण हवेला अडणारं क्षेत्रफळ तेवढं घटत नाही, त्यामुळे हलकं ल्युअर हवेत लवकर मंदावतं, आणि जड स्पूल मात्र आपल्या वेगात फिरतच राहतं, जास्तीची लाईन सोडत राहतं. बॅकलॅश, म्हणजे स्पूलवरचा गुंता, तो हाच. हलकं स्पूल लवकर वेग घेतं आणि लवकर सोडतं.

ब्रेक इथेच कामाला येतो. मॅग्नेटिक ब्रेकमध्ये चुंबकाजवळून ॲल्युमिनियमचं स्पूल फिरलं की त्यात एडी करंट (धातूतच फिरणारे विद्युतप्रवाह) तयार होतात (ॲल्युमिनियम चुंबकाला चिकटत नाही तरीही), आणि ते फिरण्याला विरोध करतात, साधारण वेगाच्या प्रमाणात. सेंट्रिफ्यूगल ब्रेकचा (फिरताना बाहेर फेकले जाणारे छोटे ठोकळे घासून थांबवणाऱ्या) जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणून सुरुवातीला जबरदस्त आणि शेवटी जवळजवळ नाहीच. समोरून वारा असेल आणि ल्युअर हलकं असेल तर मला मॅग्नेटिक जास्त भरवशाचा वाटतो.

मग अगदी दहा ग्रॅमच्या आतलं बीएफएस (अतिहलक्या ल्युअरसाठीचं) स्पूल घ्यावं का? बाससाठी हौस म्हणून खुशाल घ्या. मस्की-पाइकसाठी नको, कारण तिथे ५०-६५ पौंडांची ब्रेड (विणलेली लाईन) लागते, माशाच्या दातांसाठी टोकाला जाड लीडर लागतो, आणि ड्रॅगही (मासा ओढू लागला की लाईनला अडवणारा ब्रेक) तगडा हवा. माझं मत: २०० किंवा ३०० साइझ, उथळ स्पूल. पण हे आकडे प्रत्येक कंपनीचे वेगळे, तेव्हा नुसत्या नंबरवर जाऊ नका, शक्य असेल तर स्पूल काढून वजनकाट्यावर ठेवा. ६५ पौंडी ब्रेड शंभर मीटर भरली की दहा ग्रॅमच्या आसपास वजन तिचंच होतं, त्यामुळे उगाच दोनशे मीटर भरायची गरज नाही. खोल स्पूल असेल तर तळाला स्वस्त मोनो (एकाच धाग्याची नायलॉन लाईन) भरा, अक्षाजवळचं वजन फिरवायला फार जड जात नाही. फक्त काठापासून दोन-तीन मिलिमीटरपर्यंत स्पूल भरलेलं हवं, नाहीतर तेवढीच लाईन सोडायला त्याला जास्त वेगाने फिरावं लागतं.

गिअर रेशो (हँडलच्या एका फेऱ्यात स्पूल किती फेरे घेतं) ७:१ च्या आसपास बरा. ३४ मिलिमीटर व्यासाच्या भरलेल्या स्पूलवर हँडलच्या एका फेऱ्यात साधारण ७५ सेंटीमीटर लाईन येते, आणि मस्की ल्युअर घेऊन बोटीकडेच पळत आली तर ढिली लाईन आवरायला ते लागतंच. मोठ्या ब्लेडचं बकटेल ओढायचं असेल तर मात्र हाच रेशो मनगट दुखवतो, त्यासाठी कमी रेशोचं वेगळं रील ठेवा.