एका जागेची टंचाई: २०१० फुटबॉल विश्वचषकाच्या आफ्रिकी पात्रता फेरीतील ‘क’ गटाची पार्श्वभूमी

१४ नोव्हेंबर २००९ रोजी कैरोमधील सामना संपला, तेव्हा ‘क’ गटाच्या गुणतक्त्यातील पहिल्या दोन ओळी तंतोतंत सारख्या झाल्या होत्या. इजिप्त आणि अल्जीरिया या दोघांनीही सहापैकी चार सामने जिंकले होते, एक बरोबरीत सोडवला होता आणि एक गमावला होता. गुण दोघांचे तेरा, केलेले गोल नऊ आणि स्वीकारलेले गोल चार. परस्परांतील दोन सामन्यांचा हिशेब मांडला तरी तो ३–३ असाच निघत होता, कारण अल्जीरियाने आपल्या ब्लिदा शहरात ३–१ असा विजय मिळवला होता आणि इजिप्तने कैरोत २–० अशी परतफेड केली होती. परक्या मैदानावरील गोलाला जास्त वजन देण्याची तरतूद इथे लागू असती, तर ब्लिदामध्ये केलेल्या त्या एका गोलाच्या बळावर इजिप्त पुढे गेला असता. ती नव्हती, म्हणून चार दिवसांनी तटस्थ मैदानावर निर्णायक सामना घेण्याची वेळ आली. त्या सामन्याच्या आगेमागे जे घडले त्याचे वर्णन तेव्हा बहुतेक ठिकाणी ‘जुने वैर उफाळून आले’ अशा एका वाक्यात उरकले गेले. ते वाक्य पूर्ण खोटे नसले, तरी जुन्या वैरापेक्षा जागांची जुनी टंचाई हे या कथेचे अधिक खरे मूळ आहे.

विश्वचषकात खेळलेला पहिला आफ्रिकी संघ इजिप्तचा. १९३४ मध्ये नेपल्स येथे हंगेरीकडून ४–२ असा पराभव होऊन त्याची ती स्पर्धा एकाच सामन्यात आटोपली. त्यानंतर तब्बल ३६ वर्षे आफ्रिकेचा एकही संघ विश्वचषकात दिसला नाही, आणि त्यामागे केवळ खेळातील मागासलेपण नव्हते. १९६६ च्या स्पर्धेसाठी फिफाने सोळा जागांची जी वाटणी केली, तीत आफ्रिका, आशिया आणि ओशनिया या तिन्ही खंडांना मिळून एक जागा ठेवली. आफ्रिकेत अव्वल ठरणाऱ्या संघाने पुन्हा दुसऱ्या खंडातील विजेत्याशी झुंजावे, ही अट आफ्रिकन फुटबॉल महासंघाला, म्हणजे ‘काफ’ला, मान्य झाली नाही. घानाचे क्रीडा प्रशासक ओहेने जान यांच्या पुढाकाराने आफ्रिकी संघांनी त्या पात्रता फेरीवर सामूहिक बहिष्कार टाकला. त्याचे फळ १९७० मध्ये मिळाले: आफ्रिकेला स्वतःची एक थेट जागा मिळाली आणि मोरोक्कोचा संघ मेक्सिकोला गेला. १९८२ मध्ये स्पर्धा २४ संघांची झाल्यावर जागा दोन झाल्या, १९९४ मध्ये तीन आणि १९९८ मध्ये पाच. २०१० ची स्पर्धा दक्षिण आफ्रिकेत असल्याने यजमानांची जागा वेगळी धरली गेली. उरलेल्या पाच जागा मात्र पाच गटांच्या फक्त विजेत्यांसाठी होत्या. दुसऱ्या क्रमांकाच्या संघासाठी पुढची एखादी फेरीसुद्धा ठेवलेली नव्हती.

आता वैराकडे वळू. हे दोन देश मुळात एकमेकांचे वैरी नव्हतेच. फ्रान्सविरुद्धच्या अल्जीरियाच्या स्वातंत्र्ययुद्धाला राष्ट्राध्यक्ष नासेर यांच्या इजिप्तने उघड पाठबळ दिले होते. सप्टेंबर १९५८ मध्ये अल्जीरियाच्या हंगामी सरकारची घोषणा झाली ती कैरोतच, आणि अल्जीरियाच्या राष्ट्रगीताची चालसुद्धा मोहम्मद फौझी या इजिप्शियन संगीतकाराने बांधलेली आहे. त्याच वर्षी रशीद मेखलूफी, मुस्तफा झितूनी यांच्यासारखे नावाजलेले खेळाडू फ्रान्समधील आपापले क्लब सोडून गुपचूप ट्युनिसला पोहोचले आणि स्वातंत्र्य चळवळीच्या संघातून खेळू लागले. फुटबॉल हा अल्जीरियाच्या राष्ट्रीय अस्मितेशी असा जन्मापासूनच जोडलेला आहे. पुढे १९७३ च्या युद्धात इजिप्तच्या मदतीला अल्जीरियाचे सैन्यही गेले होते.

या मैत्रीत फुटबॉलमुळे मोठा मिठाचा खडा पडला तो १९८९ मध्ये, आणि तोही जागेवरूनच. १९९० च्या विश्वचषकासाठी आफ्रिकेच्या वाट्याला दोनच जागा होत्या. त्यांपैकी एका जागेसाठी अखेरच्या फेरीत हे दोघे समोरासमोर आले. कॉन्स्टंटाइन येथील पहिला सामना गोलशून्य राहिला. १७ नोव्हेंबर १९८९ रोजी कैरोत चौथ्याच मिनिटाला होसाम हसनने गोल केला आणि तेवढ्यावर इजिप्त ५६ वर्षांनी विश्वचषकाला पात्र ठरला. सामन्यानंतरच्या हाणामारीत इजिप्तच्या संघाच्या डॉक्टरांचा एक डोळा निकामी झाला. आरोप ठेवला गेला लाखदर बेल्लूमीवर, म्हणजे १९८२ च्या विश्वचषकात पश्चिम जर्मनीविरुद्ध विजयी गोल करणाऱ्या अल्जीरियाच्या सर्वांत लाडक्या खेळाडूवर. त्याने तो आरोप कायम नाकारला, तरीही त्याच्याविरुद्धचे आंतरराष्ट्रीय अटक वॉरंट जवळजवळ वीस वर्षे लागू राहिले. ते मागे घेतले गेले २००९ मध्ये, म्हणजे या गटाचे सामने सुरू झाले त्याच वर्षी. २००१ मध्ये आणखी एक ठिणगी पडली. अल्जीरियातील अन्नाबा येथे या दोघांचा सामना १–१ असा बरोबरीत सुटला आणि २००२ च्या विश्वचषकाचे इजिप्तचे दार बंद झाले. त्या गटातून सेनेगल पुढे गेला.

त्यामुळे २०१० च्या पात्रता फेरीसाठी झांबिया आणि रवांडा यांच्यासह हे दोघे एकाच गटात आले, तेव्हा चर्चा याच जोडीची होणार हे उघड होते. आफ्रिका चषक लागोपाठ दोनदा, २००६ आणि २००८ मध्ये, जिंकलेला हसन शेहाता यांचा इजिप्त गटात सर्वांत भारी मानला जात होता. अल्जीरिया १९८६ नंतर विश्वचषकात दिसलेलाच नव्हता. योगायोग असा की १९८६ मध्ये संघाचे प्रशिक्षक असलेले रबाह सादान हेच आताही प्रशिक्षक होते.

इजिप्तचे पाऊल पहिल्याच सामन्यात अडखळले: कैरोत झांबियाने त्यांना १–१ असे रोखले. ७ जून २००९ रोजी ब्लिदामध्ये अल्जीरियाच्या मत्मूर, गझाल आणि जब्बूर यांनी उत्तरार्धात तीन गोल केले; अबूत्रिकाच्या उशिराच्या गोलाने इजिप्तची फक्त लाज राखली. गंमत अशी की याच इजिप्तने अवघ्या अकरा दिवसांनी कॉन्फेडरेशन्स चषकात तत्कालीन जगज्जेत्या इटलीला १–० असे हरवले. त्यानंतर रवांडावर दोन आणि झांबियावर एक विजय मिळवून त्यांनी अंतर कमी केले, पण अल्जीरियाही जिंकतच राहिला. अखेरच्या सामन्याआधी अल्जीरिया तीन गुणांनी आणि चार गोलांच्या फरकाने पुढे होता. क्रिकेटमध्ये धावगतीची गणिते मांडत बसणाऱ्यांना पुढचा हिशेब चटकन कळेल: इजिप्तने तीन गोलांनी जिंकले तर इजिप्त, एकाच गोलाने जिंकले तर अल्जीरिया, आणि बरोबर दोन गोलांनी जिंकले तर निर्णायक सामना. ऑक्टोबरमध्ये रवांडाविरुद्धच्या ३–१ विजयात करीम झियानीने केलेला तिसरा गोल तेव्हा केवळ शोभेचा वाटला असेल. तो झाला नसता तर कैरोतील २–० एवढ्यावरच इजिप्त थेट दक्षिण आफ्रिकेला गेला असता.

सामन्याच्या दोन दिवस आधी, १२ नोव्हेंबरला, कैरो विमानतळावरून हॉटेलकडे निघालेल्या अल्जीरियाच्या बसवर दगडफेक झाली. खालिद लमूशिया, रफिक हलिश आणि रफिक सैफी हे तीन खेळाडू जखमी झाले. काचा खेळाडूंनीच आतून फोडल्या, असा दावा इजिप्तमधील काही माध्यमांनी केला, परंतु फिफाने इजिप्तकडून सुरक्षेची लेखी हमी मागितली आणि पुढे या प्रकरणी इजिप्तला दंडही ठोठावला. सामन्यात दुसऱ्याच मिनिटाला अमर झाकीने गोल केला, आणि भरपाई वेळेच्या पाचव्या मिनिटाला, अल्जीरिया जवळजवळ पात्र ठरलेला असताना, इमाद मोतेबने हेडरवर दुसरा.

निर्णायक सामन्यासाठी इजिप्तने सुदान सुचवला आणि अल्जीरियाने ट्युनिशिया. चिठ्ठी सुदानच्या नावाची निघाली. मधल्या चार दिवसांत जे घडले ते खेळाच्या कक्षेत बसणारे नव्हते. कैरोत अल्जीरियाचे चाहते मारले गेल्याची खोटी बातमी अल्जीरियात छापून आली आणि तेथील इजिप्शियन कंपन्यांच्या कार्यालयांची नासधूस झाली. अल्जीरिया सरकारने हजारो चाहत्यांना विमानांनी खार्टूमला पोहोचवले. इजिप्तमधून नटनट्या आणि राजकारणी गेले. दोन्ही देशांत दीर्घकाळ सत्तेवर असलेल्या राजवटींना या उन्मादाची अडचण तर नव्हतीच, उलट तो सोयीचा होता, असे म्हणायला पुरेसा आधार आहे. १८ नोव्हेंबरला ओमदुरमानच्या अल-मेरीख स्टेडियमवर ४० व्या मिनिटाला अल्जीरियाच्या अंतर याह्या या बचावपटूने अवघड कोनातून चेंडू जाळ्यात मारला, आणि तो एकमेव गोल निर्णायक ठरला. सामन्यानंतर आपल्या चाहत्यांवर हल्ले झाल्याचे सांगत इजिप्तने अल्जीरियातील आपला राजदूत माघारी बोलावला, कैरोत अल्जीरियाच्या दूतावासाजवळ दंगल झाली, आणि राष्ट्राध्यक्ष होस्नी मुबारक यांनी संसदेतील भाषणात नागरिकांच्या सन्मानाचा मुद्दा उचलला. आपली बदनामी होत असल्याच्या रागाने यजमान सुदाननेही इजिप्तच्या राजदूताला बोलावून जाब विचारला.

याच गटातील पहिले तीन संघ २०१० च्या आफ्रिका चषकालाही पात्र ठरणार होते, त्यामुळे रवांडा वगळता तिघेही अंगोलाला गेले. तिथे उपांत्य फेरीत इजिप्तने अल्जीरियाला ४–० असे धुतले, अल्जीरियाचे तीन खेळाडू मैदानाबाहेर काढले गेले, आणि इजिप्तने सलग तिसऱ्यांदा चषक जिंकला. विश्वचषकात अल्जीरियाने इंग्लंडला गोलशून्य रोखले, पण तीन सामन्यांत स्वतःही एकही गोल केला नाही.

२०२६ चा विश्वचषक ४८ संघांचा झाल्याने आफ्रिकेच्या थेट जागा नऊ झाल्या, आणि पात्रता फेरीचे गटही नऊ. इजिप्त ‘अ’ गटात पडला, अल्जीरिया ‘ग’ गटात. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी जिबूतीला ३–० असे हरवून इजिप्त पात्र ठरला, त्याचा प्रशिक्षक होता १९८९ चा तो गोल करणारा होसाम हसन. दुसऱ्या दिवशी सोमालियाविरुद्ध तेवढ्याच फरकाने जिंकून अल्जीरियाही पात्र ठरला. संपूर्ण पात्रता फेरीत हे दोन संघ एकदाही समोरासमोर आले नाहीत.