वैनगंगा नदीची लांबी

वैनगंगा ही मध्य प्रदेश व पूर्व विदर्भातून वाहणारी, गोदावरी खोऱ्यातील नदी. उगमापासून वर्धा नदीच्या संगमापर्यंत तिची लांबी सुमारे ५७९ किलोमीटर आहे. नागपूर शहर तिच्या काठावर नाही, पण शहराचे पाणी शेवटी तिलाच मिळते.

नागपुरातल्या अभ्यासिकांमध्ये स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुले नद्यांची जी यादी पाठ करतात, तिच्यात गोदावरी ६६८, वर्धा ४५५, वैनगंगा २९५ आणि कृष्णा २८२ किलोमीटर असे आकडे असतात. हे आकडे बरोबर आहेत, पण ते फक्त महाराष्ट्राच्या हद्दीतल्या प्रवाहाचे आहेत. ही अट नजरेआड झाली की वैनगंगा कृष्णेपेक्षा मोठी आणि वर्ध्यापेक्षा बरीच लहान वाटू लागते. वास्तविक कृष्णा सुमारे १,४०० किलोमीटरची आहे आणि वर्धा ५२८ किलोमीटरची, म्हणजे वैनगंगेहून थोडी कमीच. राज्याच्या सीमेने नदी मोजण्याची ही सवय परीक्षेपुरती ठीक, नदी समजून घ्यायला अगदी अपुरी.

उगम सिवनी जिल्ह्यात गोपालगंजजवळच्या मुंडारा गावी. नागपूरहून सिवनी रस्त्याने सव्वाशे किलोमीटरच्या आसपास, त्यामुळे नदी थेट दक्षिणेला येत असेल असे वाटते. ती मात्र आधी उत्तरेकडे जाते, मोठा वळसा घेऊन बालाघाटकडे वळते आणि मग गोंदिया, भंडारा, चंद्रपूर, गडचिरोली या जिल्ह्यांतून किंवा त्यांच्या सीमेवरून दक्षिणेकडे उतरते. उगम आणि वर्ध्याचा संगम यांत सरळ रेषेत तीनशे किलोमीटरहूनही कमी अंतर आहे. नदी त्याच्या जवळजवळ दुप्पट चालते, आणि लांबीचा मोठा वाटा या वळशाचाच आहे.

नागपूरचा संबंध कन्हानमार्गे येतो. शहराला पिण्याचे पाणी पेंच प्रकल्पातून आणि कन्हान नदीतून मिळते. पेंच कन्हानला मिळते, लाव्हा परिसरात उगम पावून शहराच्या मधून जाणारी नाग नदीही कन्हानलाच मिळते, आणि कुही तालुक्यात आंभोऱ्याला कन्हान वैनगंगेत येते. तिथे पाच नद्यांचा संगम मानतात आणि टेकडीवर चैतन्येश्वराचे देऊळ आहे. वैनगंगेवरच्या गोसीखुर्द धरणाचे पाणी आता आंभोऱ्यापर्यंत पसरलेले असल्याने कन्हान नेमकी कुठे संपते हे काठावरून सांगता येत नाही. मोजणी अशा ठिकाणी जुन्या पात्राच्या रेषेवर टेकते. नाग नदीतून शहराचे सांडपाणीही याच वाटेने गोसीखुर्दच्या जलाशयात उतरते. नागपूरकरांनी वैनगंगेला परकी मानू नये, याचे हे सर्वांत कठोर कारण आहे.

नागपूर जिल्ह्याचा पश्चिम भाग, काटोल-नरखेडकडचा, वर्धा नदीच्या खोऱ्यात मोडतो. वर्धा मध्य प्रदेशातल्या मुलताईच्या परिसरात उगम पावते. तापीही तिकडचीच, पण ती पश्चिमेला अरबी समुद्राकडे वळते. वर्धा आणि वैनगंगा गडचिरोली जिल्ह्यात चपराळ्याजवळ एकत्र येतात आणि पुढे प्राणहिता या नावाने वाहतात. म्हणजे नागपूर जिल्ह्याच्या दोन बाजूंचे पाणी तिथे पुन्हा एक होते.

तुलनेत सर्वांत बोलकी आहे ती ही प्राणहिता. तिची लांबी अवघी ११३ किलोमीटर. सिरोंचाजवळ ती गोदावरीला मिळते. तरीही वर्धा, पैनगंगा आणि वैनगंगा यांच्यासह तिचे खोरे सुमारे १,०९,००० चौरस किलोमीटर, गोदावरीच्या एकूण खोऱ्याच्या एक तृतीयांशाहून जास्त भरते. नुसत्या लांबीच्या यादीत तिला कुणी वर घेणार नाही.

वैनगंगा आणि प्राणहिता एकच प्रवाह धरला तर लांबी ६९२ किलोमीटर होते, ७२४ किलोमीटरच्या तापीच्या अगदी जवळ. फरक असा की तापी तेवढ्यात समुद्राला मिळते, तर वैनगंगेच्या पाण्याला तेलंगण आणि आंध्र ओलांडून बंगालचा उपसागर गाठायचा असतो. गोदावरी १,४६५ किलोमीटरची. गोदावरीची ही लांबी त्र्यंबकेश्वरच्या ब्रह्मगिरीपासून मोजतात, सिवनीपासून नव्हे.