बालगुन्ह्यांच्या नोंदी : अमेरिकेतील राज्यांचे कायदे आणि त्यांतील सुधारणा

अल्पवयीन मुलावर गुन्ह्याचा आळ आला की पोलीस, सरकारी वकील, न्यायालय आणि प्रोबेशन (कैदेऐवजी देखरेखीखाली मोकळे ठेवणे) खाते यांच्या दप्तरी जे कागद साठतात, त्यांना मिळून बालगुन्ह्याची नोंद म्हणतात. अमेरिकेत हा विषय मुख्यतः राज्यांच्या अखत्यारीत असल्याने जितकी राज्ये तितक्या तऱ्हा. नोंद कोणी पाहावी आणि किती वर्षे ठेवावी यावर तिथे बराच खल झाला आहे. ती मिटवण्यासाठी खेटे कोणी घालायचे, मुलाने की सरकारने, हा प्रश्न मात्र उशिरा पुढे आला. २०१४ नंतरच्या महत्त्वाच्या सुधारणा त्याच्याभोवती फिरतात.

१८९९ मध्ये शिकागोत, म्हणजे इलिनॉयच्या कुक परगण्यात, पहिले बाल न्यायालय सुरू झाले. चुकलेल्या मुलाशी सरकारने पालकासारखे वागावे, ही त्यामागची धारणा. अशा न्यायालयात मूल ‘दोषी’ ठरत नाही, ‘डेलिंक्वंट’, म्हणजे वाट चुकलेले, ठरते. शब्द बदलला की डाग लागत नाही असा समज त्यातून रुजला. १९६७ च्या गॉल्ट खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याला सुरुंग लावला. अश्लील फोन केल्याच्या आरोपावरून ॲरिझोनातील पंधरा वर्षांच्या मुलाला एकविसाव्या वर्षापर्यंत सुधारगृहात धाडले होते. प्रौढाला त्याच कृत्यासाठी जास्तीत जास्त दोन महिन्यांची कैद झाली असती. हा निकाल वकील मिळण्याच्या हक्कासाठी ओळखला जातो, पण बाल न्यायालयांची गुप्तता बरीचशी बोलाचीच आहे, पोलिसांकडची माहिती लष्करापर्यंत सहज पोहोचते, हेही न्यायालयाने त्यातच सुनावले होते. पुढे १९७९ मध्ये वेस्ट व्हर्जिनियाचा एक कायदा रद्द झाला. कायदेशीर मार्गाने मिळालेले बालआरोपीचे नाव छापल्याबद्दल वृत्तपत्राला शिक्षा करता येत नाही, असे ठरले. १९९० च्या दशकात निर्ढावलेल्या बालगुन्हेगारांची लाट येणार अशी आवई उठली आणि अनेक राज्यांनी नोंदी आणखी उघड्या केल्या. लाट आली नाही. उलट त्याच दशकाच्या मध्यापासून बालगुन्हे घटू लागले. कायदे मात्र राहिले.

नोंद मिटवणे कठीण का, हे एका काल्पनिक प्रसंगातून पाहू. सोळा वर्षांचा मुलगा दुकानातून बूट उचलतो आणि सापडतो. ठाण्यात बोटांचे ठसे घेतले जातात. एक प्रत पोलिसांकडे, एक सरकारी वकिलाकडे, एक न्यायालयात, एक प्रोबेशन अधिकाऱ्याच्या फायलीत. ठसे राज्याच्या मध्यवर्ती कोठारात आणि तिथून कदाचित एफबीआयकडे. शाळेला कळवले असेल तर तिथेही चिठ्ठी. न्यायाधीश समज देऊन प्रकरण बंद करतात आणि घरचे सुटकेचा निःश्वास टाकतात. प्रकरण बंद झाले म्हणजे नोंदही गेली, असे त्यांना वाटते. ती जागेवरच असते. अर्जाची जुनी पद्धत अशी की मुलाने ठरावीक काळ थांबायचे, मग खटल्याचा क्रमांक शोधायचा, अर्ज भरायचा, फी भरायची, सरकारी वकिलाला नोटीस द्यायची आणि आदेश मिळाला की तो प्रत्येक खात्यापर्यंत पोहोचतो का ते पाहायचे. चांगले शिकलेले प्रौढही ज्या कामाला एजंट शोधतील, ते काम विशीतल्या पोरावर सोपवलेले.

मिटवण्याचे प्रकार दोन. सीलबंद करणे म्हणजे कागद राहतात, पण ते उघडायला कायद्याने दिलेली मुभा किंवा न्यायालयाचा आदेश लागतो. ‘एक्स्पंजमेंट’ म्हणजे कागद नष्ट करणे. तरी राज्याराज्यांत हे शब्द इतके सैल वापरतात की नावावरून अर्थ काढणे धोक्याचे. भारतातील व्यवस्था तत्त्वतः दुसऱ्या प्रकारात बसते. बाल न्याय अधिनियम २०१५ चे कलम २४ आणि २०१६ चे आदर्श नियम यांनुसार विधिसंघर्षग्रस्त (गुन्ह्याचा आरोप असलेल्या वा तो सिद्ध झालेल्या) बालकाची नोंद अपिलाची मुदत किंवा सात वर्षे जपून मग नष्ट करायची असते. सोळा ते अठरा वयातील ज्या मुलांवर घृणास्पद गुन्ह्यासाठी प्रौढांप्रमाणे खटला चालून गुन्हा सिद्ध होतो, त्यांना ही सवलत नाही.

अर्जाची पद्धत किती निरुपयोगी ठरते हे इलिनॉयने स्वतःच मोजले. २००४ ते २०१४ या काळात तिथे हजार बाल-अटकांमागे जेमतेम तीन नोंदी पुसल्या गेल्या. १ जानेवारी २०१८ पासून लागू झालेल्या कायद्याने ओझे फिरवले. अटकेला वर्ष उलटले, खटला दाखल झाला नाही आणि मध्ये नवी अटक नसेल, तर पोलिसांनी स्वतःहून नोंद पुसायची. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०१५ पासून प्रोबेशन नीट पार पडले की न्यायालयच प्रकरण निकाली काढून नोंद सीलबंद करते. त्यानंतर ‘अटक झाली होती का?’ या प्रश्नाला ‘नाही’ म्हणण्याची मुभा कायदाच देतो. गंभीर गुन्ह्यांची यादी मात्र वेगळी ठेवली आहे.

वॉशिंग्टन राज्याची गोष्ट सगळ्यांत बोलकी. १९७७ पासून तिथल्या नोंदी जवळपास उघड होत्या, आणि त्यामागे निव्वळ कठोरपणा नव्हता. बंद दाराआड चालणाऱ्या बाल न्यायालयांवर जनतेची नजर राहावी, हाही हेतू होता. संगणक आल्यावर तीच नजर घरमालक आणि नोकरी देणाऱ्यांची झाली. २०१४ च्या कायद्याने अठराव्या वर्षानंतर वा प्रोबेशन संपल्यावर नोंद सीलबंद करण्याची सुनावणी आपोआप लागू लागली. राज्यघटनेत न्याय उघडपणे करण्याची हमी आहे, मग हे कसे चालेल, असा आक्षेप होताच. २०१५ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की बालनोंदींना प्रौढांच्या खटल्यांची कसोटी लावायची नाही. सीलबंद करण्याआधी दंड-भरपाई चुकती करण्याची अटही त्याच वर्षी सैल करण्यात आली, कारण थकलेल्या रकमेपायी गरीब मुलांच्याच नोंदी उघड्या राहत होत्या.

विरोधकांचा मुद्दा फालतू नाही. पीडिताला आणि पुढच्या खटल्यातील न्यायाधीशाला आधीचे वर्तन कळले पाहिजे, असे सरकारी वकील सांगतात. पण माहिती कायम उपयोगी राहत नाही. १९५८ साली जन्मलेल्या फिलाडेल्फियातील मुलांवर आधारित, २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले की सहा-सात वर्षे नवा गुन्हा न घडल्यास जुनी नोंद असलेल्याचा धोका नोंद नसलेल्याच्या बराच जवळ येतो.

राज्याने सीलबंद केलेली नोंद सगळीकडून जातेच असे नाही. पार्श्वभूमी तपासणाऱ्या खासगी कंपनीने ती आधीच उचलली असेल तर तिच्या साठ्यात ती उरते. शिवाय केंद्र सरकारची दारे राज्याच्या कुलपाने बंद होत नाहीत. न्यू जर्सी किंवा कॅलिफोर्नियात वाढलेल्या, अजून नागरिकत्व न मिळालेल्या मराठी मुलांनाही हे लागू आहे. बाल न्यायालयाचा निर्णय म्हणजे दोषसिद्धी नव्हे, हे स्थलांतर अपील मंडळाने २००० मध्ये मान्य केले. तरी नागरिकत्वाच्या एन-४०० अर्जात अटकेचा रकाना भरताना सीलबंद वा पुसलेली प्रकरणेही सांगावी लागतात.