घुमट (वाद्य)

गोव्यातील मातीचे अवनद्ध (कातडे मढवलेले) लोकवाद्य. शेजारच्या कारवार भागातही ते आढळते. मडक्यासारख्या या वाद्याला दोन तोंडे असतात. रुंद तोंडावर कातडे ताणून बसवतात, निमुळते उघडे ठेवतात. उजव्या हाताने कातड्यावर वाजवताना डावा तळवा मागच्या तोंडाशी उघडझाप करीत राहतो. कोंडलेली हवा सुटेल तसा नाद खोल वा मोकळा होतो. वादकाचे कसब ओळखायचे ते या डाव्या हातावरून.

नावाच्या व्युत्पत्तीबद्दल एकमत नाही. इमारतीचा घुमट या अर्थाचा मराठी शब्द फारसी ‘गुंबद’वरून आला आणि आकारसाम्याने तो वाद्याला मिळाला, असे एक मत आहे. दुसरे मत तो ‘घुमणे’ या ध्वन्यनुकारी क्रियापदाशी जोडते. मात्र बुर्रकथा या कथा गाऊन सांगण्याच्या तेलुगू लोककलेतील साथीदारांच्या मातीच्या वाद्याला ‘गुम्मेट’ म्हणतात, तर कर्नाटकातील उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या हालक्की समाजात ‘गुमटे पांग’ हा लोकसंगीताचा प्रकार आहे. हा पसारा पाहता नाव गोव्यापुरते नाही, आणि नादावरून पडले असण्याचा संभव अधिक वाटतो.

हिंदूंच्या शिगम्यात व गणेशचतुर्थीत घुमट, शामेळ (काठ्यांनी वाजवायचे चर्मवाद्य) आणि कांसाळे (झांजा) यांचा मेळ सुवारी हे सामूहिक वादन करतो. घुमटावरच्या आरत्यांची पदे पुष्कळशी मराठी आहेत. ख्रिस्ती समाजात ते मांडो व दुलपद (द्रुत लयीचे नृत्यगीत) यांच्या साथीला येते. मांडो हा एकोणिसाव्या शतकात सासष्टीच्या घरंदाज दिवाणखान्यांत रुजलेला संथ, सहा मात्रांचा गीतनृत्यप्रकार. त्यात सुरावट युरोपीय व्हायोलिनची, ठेका घुमटाचा. शिवोली गावच्या झागोर या पारंपरिक लोकनाट्यात तर दोन्ही धर्मांचे गावकरी एकत्र येतात.

हे सहज घडलेले नाही. पोर्तुगीज अमलातील इन्क्विझिशन या ख्रिस्ती धर्मन्यायालयाच्या १७३६ च्या फर्मानाने लग्नातील ओव्यांसह अनेक देशी रीतींवर बंदी घातली. घुमटही तेव्हाच बंद झाले, असे सर्रास लिहिले जाते. ते तसे असेलही, पण धर्मांतरित घरांतून वाद्य कायमचे गेले नाही, याची साक्ष मांडोच देतो.

पूर्वी घुमटाला घोरपडीचे कातडे लावीत. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार घोरपड संरक्षित असल्याने आता शेळीचे वापरतात. गोवा सरकारने २०१९ मध्ये घुमटाला वारसा वाद्याचा दर्जा दिला. शेळीच्या कातड्याला जुना नाद नाही, ही जुन्या वादकांची तक्रार मात्र कायम आहे.